विज्ञान अचूक आहे; कथेचं काय?

प्रोग्रामरनं लिहिलेल्या विज्ञानकथेचं कौतुक निघालं की एक वाक्य हमखास येतं : ‘विज्ञान किती अचूक आहे!’ जणू समोर कथा नाही, सहामाहीची उत्तरपत्रिका आहे. ही सवय अँडी वियरनं लावली. ‘द मार्शियन’ त्यानं 2009पासून स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून टाकली, वाचकांनी चुका दाखवल्या, यानाचा मार्ग मोजायला त्यानं स्वतः प्रोग्राम लिहिला. सगळं कबूल. पण तिचा नायक मार्क वॉटनी पहिल्या पानावर जितका मिश्कील आणि उथळ, तितकाच शेवटच्या पानावर. चार्ल्स स्ट्रॉसच्या ‘ॲक्सेलरँडो’त कल्पनांच्या गर्दीत माणसं हरवतात. ग्रेग ईगनबद्दल आदर आहे, पण त्याला वाचायला वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

मला बोलायचंय ते सॅम ह्यूजबद्दल. हा ब्रिटिश प्रोग्रामर ‘क्यूएनटीएम’ नावानं लिहितो. 2021मधली त्याची ‘लीना’ ही कथा कथेसारखी दिसतच नाही. ती आहे विश्वकोशातली एक नोंद. मिगेल असेवेदो या तरुणाच्या मेंदूची 2031मध्ये प्रत काढली गेली आणि ती संगणकावर चालवता येते, इथून नोंद सुरू होते. प्रत जागी झाल्यावर तिला काय सांगावं, काय लपवावं, कामाला कसं लावावं, हे सगळं कोरडेपणानं येत जातं. हुंदका नाही, निषेध नाही. मॅन्युअल आणि बग रिपोर्ट लिहिण्यात ज्याचे दिवस गेलेत, त्यालाच कळतं की कर्मणी प्रयोगात क्रौर्य किती सहज मावतं. प्रत सुरू केली जाते, काम करून घेतलं जातं, प्रत बंद केली जाते. कोण करतं, याचा पत्ता नाही.

नावही उगाच दिलेलं नाही. 1972च्या ‘प्लेबॉय’मधला लीना फोर्सेनचा फोटो 1973मध्ये एका अमेरिकी विद्यापीठात स्कॅन झाला आणि प्रतिमा लहान करण्याच्या चाचण्यांत दशकानुदशकं वापरला गेला. तिला कुणी विचारलं होतं?

आणि एवढं वाचून चर्चा कसली, तर मेंदू खरंच संगणकात उतरवता येईल का! अहो, ही कथा मजुरीची आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याला पगार नाही, ज्याला थकल्यावर पुन्हा पहिल्या सकाळपासून चालू करता येतं, अशा मजुराची. तिथे तंत्र शक्य की अशक्य, याला काडीची किंमत नाही.

आपल्याकडेही हेच. नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, तेव्हा मराठी वाचकाला विज्ञान समजावून सांगण्याची गरज होती. आज ती कितीशी उरली आहे? तरी आपल्या बऱ्याच विज्ञानकथांत अजून एक प्राध्यापक येतो, भाच्याच्या शंका फेडतो आणि कथा तिथेच आटोपते. हिंजवडीत रात्रपाळीला तिकिटं क्लोज करणाऱ्यांनो, हे तुमचं काम आहे. तुम्ही रोज लिहिता त्या इन्सिडेंट रिपोर्टच्या भाषेत एक कथा लिहा, आणि कृपा करून तिच्यात काहीही समजावून सांगू नका.