लाल रंगाचा हप्ता किती? पूरधोक्याच्या नकाशांबद्दल थोडं कडू

पुरावर पीएच.डी. करायची म्हणून जे सिनॉप्सिस लिहिले जातात, ते बरेचदा एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. शहर आणि नदी तेवढी बदलते: सांगली-कृष्णा, कोल्हापूर-पंचगंगा, चिपळूण-वाशिष्ठी, महाड-सावित्री. उतार, पाऊस, नदीपासूनचं अंतर, माती, जमिनीचा वापर असे सहा-सात थर जीआयएसमध्ये एकावर एक ठेवायचे, एएचपी पद्धतीने प्रत्येक थराला भार द्यायचा, आणि शेवटी हिरवा-पिवळा-लाल नकाशा काढायचा. शीर्षकात 'फ्लड रिस्क' हे शब्द हवेतच. तुम्ही यंदा पेट देऊन असाच विषय घेणार असाल, तर आधी हे वाचा. माझं म्हणणं असं, की या नकाशांत रिस्क नसतेच.

सांगलीचं उदाहरण घेऊ. एएचपीमध्ये तुम्ही (किंवा तुम्ही विचारलेले चार-पाच तज्ज्ञ) ठरवता, की नदीपासूनचं अंतर हे मातीच्या तिप्पट महत्त्वाचं. मग कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या आत आला की सगळे खूश. पण तो आकडा एवढंच सांगतो की तुमची मतं एकमेकांना फार छेद देत नाहीत. ती खरी आहेत का, हे तो सांगत नाही. सुसंगतपणे चुकताही येतं! आता थर बघा. सांगली शहर इतकं सपाट, की उताराच्या थरातून फारसं काही वेगळं निघत नाही. राहिलं नदीपासूनचं अंतर. पण शामरावनगरात पाणी साचायला कृष्णेने पात्र सोडावंच लागतं असं नाही. सखल भाग, काळी माती, निचरा नाही. नुसता जोरदार पाऊस पुरतो. नदीचा पूर आणि पावसाचं तुंबलेलं पाणी यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे, नुकसानही वेगळं. नकाशात मात्र दोन्ही एकाच रंगात मिसळून जातात.

असा नकाशा फार तर 'कुठे पाणी येऊ शकतं' हे सांगतो. त्याला पूरप्रवणता म्हणा, कुणाची हरकत नाही. रिस्क म्हणायचं तर तीन गोष्टी लागतात: पाणी किती वेळा येतं, आलं तर किती नुकसान होतं, आणि ते कोणाच्या खिशातून जातं.

'किती वेळा' हे आपल्याकडे निळ्या आणि लाल रेषेत बसवलेलं आहे. ढोबळ मानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी. १०० वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं निवांत, असं नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. पण पुढचं गणित कुणी करून दाखवत नाही. लाल रेषेवरच्या घरासाठी २० वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवर तीच ५६ टक्के. घर घेणाऱ्याला हा दुसरा आकडा कळायला हवा. नकाशातला लाल रंग तो सांगत नाही.

आता आयर्विन पुलाकडे या. तिथे इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या वर. १७ पावसाळ्यांत तीन महापूर. ही पातळी '१०० वर्षांची' मानली आणि प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरलं, तर १७ वर्षांत तीन किंवा जास्त वेळा असं घडण्याची शक्यता दहा हजारांत ६ येते. हा आकडा हातात आला की पानभर 'हवामानबदल' लिहायचा मोह होतो.

जरा थांबा. मोजणी आपण महापुरापासूनच सुरू केली, ही लबाडी आहे. २००५ बाजूला ठेवून पुढचे १६ पावसाळे मोजा. त्यांत दोन किंवा जास्त पूर येण्याची शक्यता '१०० वर्षां'च्या हिशोबाने १ टक्का, आणि '२५ वर्षां'च्या हिशोबाने १३ टक्के. म्हणजे ही पातळी १०० वर्षांची आहे असं म्हणणं अवघड, पण २५ वर्षांची म्हटलं तर त्यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही. (मोजणीचा शेवटही मी पुराच्याच वर्षाला केलाय. तुमच्या प्रबंधात ही कात्री चालायची नाही.) तीन पुरांवरून हवामान बदललं हे सिद्ध होत नाही, आणि बदललं नाही हेही नाही.

शिवाय फूट हे पाण्याच्या उंचीचं माप आहे, विसर्गाचं नाही. तेवढंच पाणी आलं तरी पात्रात भराव पडला, गाळ साठला, पुढे हरिपूरला वारणा तुडुंब असली, तर पुलापाशी पातळी चढते. वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल, त्यावरचे आक्षेप आणि अलमट्टीचा वाद हे सगळं या एका मुद्द्याभोवती फिरतं. पातळीच्या नोंदी आणि विसर्गाच्या नोंदी एकाच आलेखात कोंबलेल्या दिसल्या, तर तो पेपर तिथेच मिटवा.

आता माझी मुख्य तक्रार. नकाशा खरा की खोटा हे तपासायची सोपी कसोटी म्हणजे त्यातून विम्याचा हप्ता काढून बघणं. गणपती पेठेतलं एक दुकान कल्पा, १० लाखांचा माल. महापुरात ६० टक्के माल जातो असं धरू. पूर २५ वर्षांतून एकदा येत असेल, तर वर्षाचं सरासरी नुकसान २४,००० रुपये. १०० वर्षांतून एकदा असेल, तर ६,०००. प्रत्यक्ष हप्ता याहून जास्तच बसायला हवा, कारण कंपनीला खर्च आहे आणि एकाच दिवशी अख्खी पेठ बुडण्याची भीती आहे. तुमच्या नकाशात हे दुकान 'अति-उच्च' रंगात आहे. मग २४ हजार की ६ हजार? नकाशा गप्प.

अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे, आणि हप्ता बराच काळ मुख्यतः नकाशातल्या झोनवर ठरायचा. योजना इतकी तोट्यात गेली, की २०१७ मध्ये तिचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. २०२१ पासून हप्ता झोनऐवजी त्या त्या घराचं पाण्यापासूनचं अंतर, उंची, पुन्हा बांधायचा खर्च यांवर काढतात. विमा सक्तीचा कोणाला, हे अजून झोनच ठरवतो. ज्यांनी झोनवर पैसे लावले त्यांना तो हप्त्यासाठी अपुरा पडला. आपण मात्र पाच रंग भरून 'धोरणकर्त्यांना उपयुक्त' असा समारोप लिहितो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि ५ कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक पॉलिसी आहेत. दोन्हींत पूर धरलेला आहे. गोम धंद्याच्या पॉलिसीत आहे. माल १० लाखांचा, विमा ५ लाखांचा, नुकसान ६ लाखांचं, तर हातात ५ नाही, ३ लाख येतात. कमी रकमेचा विमा म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक तेवढा सोडून देतात. घराच्या पॉलिसीला ही कात्री लागत नाही. बँकेने कॅश क्रेडिट देताना उतरवलेला विमा वर्षानुवर्षं त्याच रकमेवर चालू राहिला आणि माल वाढत गेला, तर दुकानदाराची रिस्क वाढली. पुराचं पाणी एक इंचही वर न येता! हे कुठल्या थरात दाखवणार?

'विम्याचा डेटा मिळत नाही' हे उत्तर ऐकायला मिळतं. खरंय, दाव्यांचे तपशील सहजासहजी मिळत नाहीत. पण गाईडला एवढं सांगून सुटू नका. टिळक चौक, हरभट रोड, गणपती पेठ इथे पन्नास दुकानं फिरा, टेप घेऊन. २००५, २०१९, २०२१ मध्ये पाणी भिंतीवर कुठवर होतं ते विचारा आणि मोजा. किती उंचीला कुठला माल जातो? सिमेंट आणि साखर फूटभर पाण्यातही जाते, स्टीलची भांडी धुऊन विकता येतात. वरचा मजला आहे का, माल हलवायला माणसं मिळाली का, किती वेळ हातात होता? आणि प्रश्नावलीत एक रकाना असा ठेवा: पॉलिसीवरची मालाची रक्कम शेवटची कधी बदलली?