परराष्ट्रनीतीचे व्यासपीठ आणि सभागृहात न झालेले भाषण

मराठी समाजाला व्याख्यानाचे वेड जुने आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली आणि पुढे तिच्या वळणावर तालुक्याच्या गावीसुद्धा व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. या मालांमध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणावर एखादे पुष्प हमखास गुंफले जाते. वक्ता बहुधा निवृत्त सेनाधिकारी असतो किंवा निवृत्त राजदूत. चीनचा डाव काय, पाकिस्तानचे पुढचे पाऊल कोणते, अमेरिकेचा भरवसा धरावा की नाही, हे तो नकाशा समोर ठेवून समजावतो. श्रोते चिठ्ठ्या पाठवतात. युद्ध होईल का, आपले सैन्य तयार आहे का, असे त्या चिठ्ठ्यांतले प्रश्न असतात. वक्त्याचा अभ्यास खोटा नसतो आणि त्याने सांगितलेली माहितीही उपयोगी असते. पण या साऱ्या विवेचनात 'सुरक्षा' या शब्दाचा अर्थ एकच असतो : सीमेची सुरक्षा. सीमेच्या आत राहणाऱ्या माणसांपैकी कोण सुरक्षित आहे आणि कोण नाही, हा प्रश्न त्या व्यासपीठावर गैरलागू समजला जातो.

दुसरीकडे एप्रिल महिन्यात आपल्या वस्त्यांतून जयंतीची व्याख्याने होतात. तिथे संविधान असते, आरक्षण असते, धम्म असतो, अत्याचाराचे ताजे प्रकरण असते. परराष्ट्रनीती क्वचितच असते. जणू काही हा विषय पांढरपेशांची मिरासदारी आहे आणि आपण त्यात तोंड घालू नये असे कुणी लिहून ठेवले आहे. ही वाटणी प्रस्थापितांनी केली हे खरे. पण आपणही ती मुकाट्याने मान्य केली आहे. ज्याच्या नावाने ही जयंती होते त्या माणसाला मात्र ही वाटणी मुळीच मान्य नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांची परराष्ट्रनीतीवरील दोन विवेचने या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. एक १९५१ सालचे, दुसरे १९५४ सालचे. ही दोन्ही छापून उपलब्ध आहेत. तेव्हा न वाचण्याला सबब उरलेली नाही.

पहिले विवेचन म्हणजे सभागृहात न झालेले भाषण होय. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला ते संसदेत आपले निवेदन करणार होते. निवेदनाची प्रत आधी हाती द्यावी, असा आग्रह उपाध्यक्षांनी धरला. ही पूर्वतपासणी स्वीकारण्यास बाबासाहेबांनी नकार दिला, ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हवाली केले. राजीनाम्याचे कारण हिंदू कोड बिल, एवढेच आपल्या स्मरणात राहिले आहे. ते कारण मोठेच होते. पण निवेदनाची रचना नीट पाहिली तर ध्यानात येते की परराष्ट्रनीतीचा भाग दोन प्रश्नांच्या मध्ये येतो. त्याच्या आधी अनुसूचित जातींच्या दुरवस्थेचा प्रश्न आहे आणि त्याच्या नंतर हिंदू कोडाचा. ही मांडणी योगायोगाची म्हणता येणार नाही. अस्पृश्याचे दुःख, देशाचे परराष्ट्र धोरण आणि हिंदू स्त्रीचा हक्क हे तिन्ही प्रश्न एकाच राज्यसंस्थेचे आहेत, अशी त्यामागची धारणा दिसते.

निवेदनाच्या आरंभीच एक तक्रार आहे. तिच्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. परराष्ट्र व्यवहार समिती, संरक्षण समिती अशा मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांपैकी एकीवरही आपल्याला घेण्यात आले नाही, असे बाबासाहेब सांगतात. निर्णय समित्यांत होतात आणि मंत्रिमंडळ केवळ त्यांची नोंद करणारे कार्यालय बनले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. १९४१ साली ब्रिटिश सरकारने ज्यांना संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर घेतले होते, आणि ज्यांच्या पाठपुराव्यामुळे त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली, त्या माणसाला स्वतंत्र भारताच्या संरक्षण समितीत जागा नव्हती. संविधान लिहिण्यासाठी अस्पृश्य चालतो, सैन्यात मरण्यासाठीही चालतो. सैन्य कुठे आणि कशासाठी पाठवायचे हे ठरवताना मात्र तो चालत नाही! आजच्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठाची वंशावळ इथवर मागे जाते.

या निवेदनातला सर्वांत धारदार भाग आकड्यांचा आहे. केंद्र सरकारचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी रुपये आणि त्यातले १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, असे बाबासाहेब दाखवतात. म्हणजे निम्म्याहून अधिक. हा प्रचंड खर्च आपल्या परराष्ट्रनीतीचे थेट फळ आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याला मित्र उरलेले नाहीत, म्हणून संरक्षणाचा सगळा भार एकट्याने वाहावा लागतो; आणि काश्मीरचा तंटा मिटत नाही तोवर तो भार हलका होणार नाही. काश्मीरची फाळणी करावी, किंवा निदान सार्वमत विभागवार घ्यावे, असा त्यांचा तोडगा होता. तो तोडगा आज कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती विचाराची पद्धत. परराष्ट्रनीतीची चर्चा ते राष्ट्राच्या मानापमानातून बाहेर काढतात आणि जमाखर्चाच्या वहीत आणतात. तत्त्व कितीही उदात्त असो, त्याची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्या घरात दाणा मोजून शिजवला जातो त्या घरातल्या माणसाला हा प्रश्न आपसूक सुचतो.

आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते; एकूण अर्थसंकल्पाच्या तेराव्या हिश्श्याहून पुष्कळ अधिक, शेकडा तेराच्या थोडे वर. १९५१ चे प्रमाण आणि हे प्रमाण शेजारी ठेवून घोषणा देणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही, कारण तेव्हाच्या केंद्र सरकारची कामेच मर्यादित होती. माझे म्हणणे इतकेच की खर्चाचा हा आकडा सुरक्षेवरील व्याख्यानात आला तर तो अभिमानाने तरी येतो किंवा अपुरा म्हणून तरी येतो. त्याच्या शेजारी शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या साधनांचा आकडा कुणी मांडत नाही.

आणि निवेदनातला त्या आधीचा भाग पाहा. दिल्लीच्या आसपासचे अस्पृश्य आपल्याकडे गाऱ्हाणी घेऊन येतात आणि पोलीस त्यांच्या तक्रारी नोंदवूनसुद्धा घेत नाहीत, असे देशाचा मावळता कायदेमंत्री लिहितो. सैन्यावर १८० कोटी खर्च करणाऱ्या राज्याच्या राजधानीजवळ एका माणसाची फिर्याद लिहिली जात नाही! निवेदनात या दोन गोष्टी चार-दोन परिच्छेदांच्या अंतराने येतात. बाबासाहेबांनी त्या जोडून दाखवलेल्या नाहीत. जोडण्याचे काम वाचकाचे आहे. 'सुरक्षा' या शब्दाची जी व्याख्या आपल्याला हवी आहे ती या दोन परिच्छेदांच्या मधल्या जागेत आहे.

याच भागात अनुसूचित जातींच्या संरक्षणाची तुलना मुसलमानांच्या संरक्षणाशी केलेली आहे. ती आज वाचताना खटकते, हे लपवण्याचे कारण नाही. ज्यांना दलित आणि मुसलमान यांच्यात दरी हवी आहे ते संपूर्ण निवेदनातून नेमका तेवढाच मजकूर उचलतात, आणि ३५० कोटी व १८० कोटी यांचा हिशेब मात्र त्यांना दिसत नाही.

दुसरे विवेचन २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत झाले. त्याच वर्षी २९ एप्रिलला तिबेटसंबंधी भारत-चीन करार झाला होता आणि पंचशीलाचा गजर चालू होता. बाबासाहेबांनी या गजराला नकार दिला. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे. माओची त्यावर श्रद्धा असती तर त्याने आपल्या देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते, असे ते म्हणाले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताच्या सीमेला येऊन भिडली, हेही त्यांनी बजावले. सिएटो कराराकडे पंतप्रधान पूर्वग्रहाने पाहतात, अशी त्यांची टीका होती. गोव्याबाबत सरकारने सुरुवातीलाच हालचाल केली असती तर छोट्या पोलीस कारवाईने काम भागले असते, असे त्यांचे मत होते.

आपल्या वक्त्यांनी या भाषणाचे काय केले? त्याचे भाकीत करून टाकले. १९६२ साली चीनने आक्रमण केले, म्हणजे बाबासाहेबांना आधीच सगळे कळले होते, असे सांगून टाळ्या घेतल्या जातात. विचारवंताला भविष्यवेत्ता केला की त्याच्याशी वाद घालण्याची गरज उरत नाही. त्याला फक्त हार घालायचा. बाबासाहेबांना वाद घालणारा वाचक हवा होता. म्हणून १९६१ चीही आठवण ठेवली पाहिजे. ज्या पाश्चात्त्य गटाकडे ते १९५४ मध्ये झुकलेले दिसतात त्याच गटाच्या नाटो करारात पोर्तुगाल १९४९ पासून होता. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने, डलेस यांनी, पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यासोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिका आणि ब्रिटन भारताच्या विरोधात उभे राहिले आणि भारताला सोव्हिएत नकाराधिकाराने वाचवले. सिएटोमध्ये तर पाकिस्तान स्वतःच सामील झाला. म्हणजे तिबेटबाबत बाबासाहेबांचे निदान अचूक होते. मित्र कोण होईल याबाबतचे नव्हते. हे मान्य केल्याने त्यांची उंची कमी होत नाही.

मात्र त्यांच्या विचारातील आंतरराष्ट्रीयता गटांच्या राजकारणापुरती कधीच नव्हती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन दिले त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीने तसेच करावे असा विचार चालू होता. आणि १९५१ च्या त्याच निवेदनात पुढची हकीकत आहे. अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रसंघासाठी आपण अहवाल तयार केला होता, पण तो सादर केला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी असे वाटले, असे ते सांगतात. हा संयम केवढा मोठा होता! राष्ट्रद्रोहाचा आरोप ज्यांच्यावर जन्मभर झाला त्यांनी स्वदेशाची अब्रू जगाच्या चावडीवर नेण्याचे टाळले, आणि चार वर्षांनी त्याचे फळ काय मिळाले तेही लिहून ठेवले.

त्याच १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडला होता. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे दक्षिण आफ्रिका सांगत होती. भारताने ते मानले नाही आणि ते योग्यच केले. पंचावन्न वर्षांनी, २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, त्याच दक्षिण आफ्रिकेच्या दरबान शहरात वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. जात म्हणजे वंश नव्हे, हा प्रश्न आम्ही आमच्या संविधानाने सोडवतो, या परिषदेचा तो विषय नाही, अशी भूमिका तेव्हा भारत सरकारने घेतली. परिषदेच्या जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. सत्तेवर कोणता पक्ष होता हे इथे गौण आहे, कारण १९९६ साली वेगळ्या पक्षांची सत्ता असतानाही राष्ट्रसंघाच्या समितीपुढे याहून निराळे काही सांगितले गेले नव्हते.

दरबानच्या वेळी आपल्याकडच्या विद्वानांनी जात आणि वंश यांतील फरकावर पुष्कळ शाई खर्च केली. समाजशास्त्र म्हणून तो फरक खराच आहे. बाबासाहेबांनी स्वतः जातीचा वांशिक सिद्धान्त खोडून काढला होता. पण दरबानला गेलेली माणसे समाजशास्त्राची परीक्षा द्यायला गेली नव्हती. ज्याची फिर्याद ठाण्यात लिहिली जात नाही त्याने ती कुठे लिहायची, एवढेच त्यांना विचारायचे होते. १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात व्हिएतनाम व आफ्रिकेतील लढ्यांशी नाते सांगितले, तेव्हा ती केवळ फॅशन आहे असे हिणवणारे टीकाकार होते. त्या नात्याचे मूळ १९४६ च्या पत्रात आहे, हे त्यांच्या गावी नव्हते.

दरबानमध्ये जो शब्द नाकारला गेला त्याची आणखी एक हकीकत आहे. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर १९६५ रोजी संमत केला. वंश, वर्ण, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्या जोडीला 'कुळी' हाही भेदभावाचा आधार त्याच्या पहिल्याच कलमात आहे. हा शब्द घालण्याची सूचना भारताच्या प्रतिनिधीने केली होती. २००२ साली त्या कराराच्या समितीने या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला आणि जातीवरून होणारा भेदभाव त्यात येतो असे लिहिले.