रानातल्या कविता

ना. धों. महानोर (१६ सप्टेंबर १९४२ – ३ ऑगस्ट २०२३) यांचा पहिला काव्यसंग्रह (१९६७). नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळील पळसखेडे (तत्कालीन औरंगाबाद जिल्हा) येथे शेतकरी कुटुंबात झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते गावी परतले व त्यांनी शेती पतकरली. निसर्ग, प्रीती आणि शेतकऱ्याचे नित्याचे जीवन हे या संग्रहाचे विषय होत. हे तीन विषय येथे परस्परांपासून वेगळे राहत नाहीत, यात त्याचे महत्त्व आहे.

बालकवींच्या कवितेत निसर्ग सचेतन होतो, तर बा. भ. बोरकरांच्या कवितेत तो गोमंतकीय सौंदर्याचा उत्सव होतो. परंतु दोघांचीही भूमिका मुख्यतः सौंदर्याच्या उपासकाची आहे. बा. सी. मर्ढेकरांनंतरच्या नवकवितेवर महानगरी जाणिवेचा प्रभाव राहिला. या पार्श्वभूमीवर महानोरांचे रान हे कसणाऱ्याचे रान आहे. त्यात पाऊस हे केवळ दृश्य नसून पिकाचे आश्वासन असते. आभाळाने भुईला दान द्यावे, अशी प्रार्थना करणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत ही भूमिका स्पष्ट दिसते. पेरणी, अंकुरणे, बहरणे ही शेतीतील शब्दकळाच प्रणयाच्या वर्णनातही अवतरते. त्यामुळे निसर्ग प्रीतीची केवळ पार्श्वभूमी उरत नाही. दोन्ही एकाच सर्जनाची रूपे ठरतात.

मराठवाडा व खानदेश यांच्या सीमेवरील बोली आणि लोकगीतांची लय यांमुळे या कवितेला गेयता लाभली आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेशी तिची तुलना उद्‌बोधक ठरते. बहिणाबाई शेतातील व घरातील कामांतून जीवनविषयक चिंतनाकडे वळतात. महानोर मात्र रंग, गंध व स्पर्श यांच्या अनुभवातच रमतात.

याच वृत्तीतून संग्रहाच्या मर्यादाही उद्भवतात. स्त्री येथे बव्हंशी बहरलेल्या भूमीचे प्रतिरूप म्हणून येते. तिचे कष्ट व तिचे स्वतंत्र मन त्या मानाने कमी व्यक्त होते. ओलाव्याच्या व समृद्धीच्या प्रतिमांची पुनरावृत्ती जाणवते आणि कोरडवाहू शेतीतील टंचाई, कर्ज व वैफल्य यांना दुय्यम स्थान मिळते. कष्टकऱ्याचा आनंद हा काव्यविषय करताना त्याच्या विवंचनेचा भार काहीसा हलका झाला आहे.

महानोरांच्या पुढील संग्रहांत वही (१९७०), पावसाळी कविता (१९८२) व पानझड हे उल्लेखनीय आहेत. पानझड या शीर्षकातूनच पहिल्या संग्रहातील बहराहून वेगळा सूर सूचित होतो. या संग्रहास २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. जैत रे जैत (१९७७) या चित्रपटातील गीतांमुळे त्यांची शब्दकळा सर्वदूर पोहोचली. उपर्युक्त मर्यादा लक्षात घेऊनही, शेतकऱ्याच्या अनुभवाला दयेचा विषय न करता त्याच्याच भाषेत भावकवितेची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय रानातल्या कविता या संग्रहास द्यावे लागते.