कल कळला, पण कशाचा?

२०१६ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांनी एक वेगळीच परीक्षा दिली. तिच्यात पास-नापास नव्हते. राज्य मंडळाने घेतलेल्या या ‘कल चाचणी’त मुलांनी संगणकासमोर बसून आवडीनिवडीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, आणि निकालाबरोबर त्यांना कळायचे की आपला कल अमुक क्षेत्राकडे आहे. क्षेत्रे सात होती: कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. पुढे ही चाचणी मोबाइलवर आली आणि करोनाच्या साथीनंतर मागे पडली.

मागे पडलेल्या चाचणीची चिकित्सा आता कशाला, असे आपण विचाराल. कारण चाचणी गेली तरी तिच्यामागचा विचार गेलेला नाही. पैसे घेऊन घेतल्या जाणाऱ्या खाजगी चाचण्यांत तो आहे, उन्हाळ्यातल्या ‘करिअर मेळाव्यां’त आहे. शिवाय २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याच्या मुलालाही आता मुंबई-पुण्याच्या मुलासारखेच पडद्यावर शाखा आणि पसंतिक्रम भरावे लागतात. शाखा निवडताना बहुतेकांच्या मनात ‘मला काय आवडते’ हाच प्रश्न असतो.

चाचणीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नव्वद टक्के पडले की विज्ञान, साठ पडले की कला, ही आपल्याकडची रूढ रीत. तिच्यापेक्षा मुलाला त्याची आवड विचारणे केव्हाही चांगले. पण आवड कशाची विचारतो आहोत, हे पाहायला हवे.

हट्ट्यातली दहावीची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिने शेतातले काम पाहिले आहे आणि केलेही आहे. शिक्षक, एसटीचा वाहक, पोलीस, दवाखान्यातली नर्स, बँकेतला कारकून, आडतीवरचा व्यापारी ही माणसे तिने कामावर असताना पाहिली आहेत. प्रयोगशाळेत नमुना तपासणारा रसायनतज्ज्ञ, नकाशे करणारा भूगोलाचा पदवीधर किंवा आकडेवारीचा अर्थ लावणारा संख्याशास्त्रज्ञ तिने पाहिलेला नाही. प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का, या धर्तीच्या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणाली, तर ही नावड आहे की अपरिचय? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. जी गोष्ट कधी चाखलीच नाही ती आवडत नाही असे सांगणाऱ्याचे मत आपण जेवणाच्या बाबतीत मानत नाही. इथे मात्र त्याचा अहवाल छापतो.

व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया घालणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. अमेरिकेतले फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन शहरात तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारे केंद्र काढले. त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये निघालेल्या पुस्तकात त्यांनी निवडीचे तीन भाग सांगितले आहेत: स्वतःला ओळखणे, निरनिराळी कामे नीट जाणून घेणे आणि मग या दोहोंची सांगड घालणे. आपल्या चाचणीने पहिला भाग उचलला. दुसरा शाळेवर सोडला, आणि शाळेकडे त्यासाठी ना तास होता ना माणूस. २०२० मध्ये राज्याने युनिसेफच्या मदतीने ‘महाकरिअर पोर्टल’ सुरू केले आणि नववी ते बारावीच्या मुलांसाठी अभ्यासक्रम व व्यवसायांची माहिती एके ठिकाणी आणली. ही सुधारणा खरीच. पण एखाद्या कामाची माहिती वाचणे आणि ते काम करणाऱ्या माणसाशेजारी अर्धा दिवस उभे राहणे यांत मोठा फरक आहे.

आवड मोजण्याची युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एडवर्ड स्ट्राँग यांची. १९२७ मध्ये त्यांनी काढलेल्या प्रश्नावलीत खुबी अशी होती की मुलाच्या उत्तरांची तुलना त्या त्या व्यवसायात असलेल्या लोकांच्या उत्तरांशी केली जाई. इंजिनिअर लोकांना ज्या किरकोळ गोष्टी आवडतात त्याच तुम्हालाही आवडतात का, एवढेच पाहायचे. युक्ती हुशारीची, पण तिच्यात जुने जग आपोआप शिरते. स्त्रियांसाठी १९३३ मध्ये वेगळी प्रश्नावली निघाली. पुरुषांची निळ्या कागदावर, स्त्रियांची गुलाबी. दोन्ही रंग एक व्हायला १९७४ साल उजाडले. आज व्यवसायात कोण आहे, यावरून उद्या कोणी यावे हे ठरवले, की मापनाच्या नावाखाली रूढीच पुढे चालते.

शिवाय वय. पौगंडावस्थेपासून प्रौढपणापर्यंत आवडी किती टिकतात, याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयात आवडींचे स्थैर्य फारसे वाढत नाही आणि १८ ते २२ या वयात मात्र एकदम वाढते, असे त्यात दिसले. आपण निवड करायला लावतो ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे या वाढीच्या अलीकडेच!

आता ते सात खाने पाहू. हट्टा वसमत तालुक्यात, आणि वसमत हळदीचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढली की तिचे कंद शिजवतात. शिजवल्याने आतला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग कंदभर सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. मग वाळवण, पॉलिश, प्रतवारी, लिलाव. पुढे कोणीतरी हळदीतले कुर्क्युमीन अल्कोहोलमध्ये विरघळवून, पिवळ्या द्रावणाने किती प्रकाश शोषला यावरून त्याचे प्रमाण काढतो. आणखी कोणी रंग उजळण्यासाठी शिशाचे विषारी क्रोमेट मिसळले आहे का, ते तपासतो. यातले कोणते काम कृषी, कोणते वाणिज्य, कोणते तांत्रिक आणि कोणते आरोग्य? मुलीचा कल ‘कृषी’ निघाला, तर घरचे म्हणणार, शेती तर आहेच, शिकायचे कशाला? आणि ‘तांत्रिक’ निघाला, तर तिने हळद विसरून शहरातले कॉलेज पाहायचे. खाना बरोबर असूनही सल्ला चुकतो तो असा.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि आठवड्याच्या आत केंद्र सरकारने भारतातल्या लायगो वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. ती औंढा नागनाथजवळ उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. त्यांच्या नळ्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात हवा, म्हणजे गळती शोधणारे आणि अचूक वेल्डिंग करणारे हात हवेत. जमिनीची बारीक कंपने मोजणारे हवेत, संगणकावर गोंगाटातून संकेत वेगळा काढणारेही हवेत. ‘तांत्रिक’ या एका शब्दातून यातले काय कळते?

खरी जोखीम आहे ती निवड उलटवता न येण्यात. विज्ञानातून कला किंवा वाणिज्यकडे वळता येते, उलट वाट जवळजवळ नाही. अकरावीत गणित सोडले की अभियांत्रिकी गेली आणि भौतिकशास्त्राची पदवीही बहुधा गेली. जीवशास्त्र सोडणाऱ्यांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये एक खिडकी उघडली: बारावीनंतर तो जादा विषय म्हणून करून नीट देता येते. पण त्यासाठी लागणारे वर्ष शहरातल्या सुखवस्तू घराला परवडते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मुख्य व दुय्यम विषय, मध्ये थांबण्याची सोय अशी लवचीकता आणली, हे स्वागतार्ह आहे. मात्र ती पदवीपाशी सुरू होते, आणि कुलूप त्याआधीच दोन वर्षे लागलेले असते. म्हणून आवड अजून ठरली नसेल आणि झेपत असेल, तर अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायला सांगणे हा आमच्या मते कुठल्याही अहवालापेक्षा उपयोगी सल्ला आहे.

अशी चाचणी पुन्हा आली, किंवा आपणच वर्गात घ्यायची ठरवली, तर तिच्यात ‘आवडते’ आणि ‘आवडत नाही’ यांच्या जोडीला ‘हे काम मला माहीत नाही’ असा तिसरा रकाना हवा. त्यातल्या खुणा मोजायच्या, आणि तेही दहावीत नव्हे, आठवीतच. चाळीसपैकी तीस मुलांनी अन्नाच्या तपासणीपुढे तिथे खूण केली, तर पुढच्या शनिवारी कुठे जायचे ते ठरले. हळद शिजवण्याचे काम गावाजवळच चालते, वसमतला हळद संशोधन केंद्र आहे, आणि परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. परत आल्यावर तोच कागद मुलांना पुन्हा भरायला द्यावा आणि पहिला जपून ठेवावा. दोन्ही शेजारी ठेवले की कोणाच्या खुणा कुठून कुठे सरकल्या ते दिसेल, आणि बोलायला सुरुवात तिथून करता येईल.