समतेच्या हिशेबात कोण धरलं जातं?

सिंगापूर सरकारने मार्च २०२२मध्ये महिलांच्या विकासावर श्वेतपत्रिका काढली. २०२०पासून चाललेल्या जाहीर चर्चांमधून ती तयार झाली होती आणि तिच्यात २५ कृतियोजना होत्या. सरकारी कागदाच्या नशिबी बहुधा कपाट येतं, पण या कागदातलं बरंच काही प्रत्यक्षात उतरलं. लवचीक कामाची विनंती कशी हाताळावी याची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २०२४पासून लागू झाली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा जानेवारी २०२५मध्ये संमत झाला. त्याच काळात वडिलांची सरकारी खर्चाची रजाही चार आठवड्यांची झाली. हे श्रेय द्यायलाच हवं.

माझा आक्षेप या योजनांवर नाही, त्यांचं यश मोजण्याच्या पद्धतीवर आहे. स्त्री-पुरुष समतेवर धोरणांचा काय परिणाम झाला हे पाहताना आपण मुखपृष्ठावर ‘महिला’ असं लिहिलेली धोरणं उचलतो. ज्या नियमात स्त्री हा शब्दच येत नाही, तो मात्र सहसा कुणी तपासत नाही.

असा एक नियम इथल्या मराठी कुटुंबांना चांगला ठाऊक आहे. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला डिपेंडंट पास मिळतो. पूर्वी या पासवर नोकरी करायची तर मालकाने ‘लेटर ऑफ कन्सेंट’ घेतलं की काम भागायचं. १ मे २०२१पासून ते बंद झालं. आता जोडीदाराला स्वतःच्या नावावर वर्क पास मिळवावा लागतो आणि त्या पासाची पगाराची अट, कंपनीचा कोटा आणि लेव्ही, जे जे लागू असेल ते सगळं पाळावं लागतं. स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्यांना काही अटींवर सवलत आहे, पण नोकरदारांना नाही.

नियमामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. इथे काम करायचं तर प्रत्येकाने एकाच कसोटीला उतरावं, लग्नाच्या नात्याने मागचं दार उघडू नये. कोविडच्या काळात स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, तोही खरा. नियमाच्या मजकुरात नवरा-बायको असा भेद नाही. पण पासिर रिस किंवा टँपिनिसमध्ये चार मराठी घरांत जाऊन विचारा, डिपेंडंट पास कुणाच्या नावावर आहे? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. शाळेत अर्धवेळ शिकवणारी, डे-केअरमध्ये किंवा छोट्या कंपनीत हिशेब बघणारी बाई पगाराच्या त्या अटीपर्यंत पोचणार कशी? वर्क पासची रचना पूर्णवेळ, भरपगारी नोकरीसाठी आहे, आणि मूल लहान असताना बायका जे काम शोधतात ते नेमकं तसं नसतं.

आता हाच नियम बाकीच्या नियमांशेजारी ठेवून पाहा. वडिलांची सरकारी खर्चाची रजा मूल सिंगापूरचं नागरिक असेल तरच मिळते. नागरिक बाळाच्या आईला १६ आठवडे रजा आहे, तर नागरिक नसलेल्या बाळाच्या आईला रोजगार कायद्याखाली १२. म्हणजे परदेशी जोडप्याच्या घरात आईला १२ आठवडे आणि बापाला कायद्याने शून्य. बाळ कुणी सांभाळायचं, हे त्या जोडप्याने ठरवण्याआधीच ठरून गेलेलं असतं. पाळणाघराचं अनुदान नागरिक मुलांसाठी आहे. घरकामाला मदतनीस ठेवायची तर सवलतीत बसणाऱ्या कुटुंबाला दरमहा ६० डॉलर लेव्ही पडते, आपल्याला ३००. यातला एकेक नियम वेगळा काढला तर प्रत्येकाचं समर्थन करता येतं. नागरिकांना झुकतं माप कोणतंही सरकार देणारच. पण हे सगळे नियम एकाच घरात एकत्र राहायला येतात, आणि त्यांची बेरीज एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते.

ही बेरीज आकड्यांत का दिसत नाही? इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या अभ्यासानुसार २०१८मध्ये स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत १६.३ टक्के होती. वय, शिक्षण, व्यवसाय, कामाचं क्षेत्र अशा गोष्टी जमेस धरल्यावर ती ६ टक्क्यांवर आली. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे. पण तो पूर्णवेळ नोकरीतल्या रहिवाशांचा, म्हणजे नागरिक आणि पीआर असलेल्यांचा आहे. पुण्यात दहा वर्षं नोकरी करून इथे घरी बसलेली बाई त्यात कमी पगाराची म्हणूनही येत नाही, ती मुळात मोजलीच जात नाही. उद्या ही तफावत शून्यावर आली, तरी तिच्या आयुष्यात काडीचा फरक पडणार नाही.

समतेच्या कायद्यालाही कुंपण असतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. १९९४मध्ये राज्याने महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. देशाच्या पुढचं पाऊल होतं ते. पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. धाकटीला हक्क, थोरलीला नाही, अशी घरं त्यामुळे झाली. लग्नाची ती अट केंद्राच्या कायद्यात आली नाही. पण तो कायदा यायला २००५ साल उजाडलं. कायदा पुरोगामी होता का, याचं उत्तर ‘हो’च आहे. कुणासाठी, हा प्रश्न मात्र वेगळा विचारावा लागतो.

तोच प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. आपल्यातली जी बाई इथे पूर्णवेळ नोकरी करते, तिच्या घरी बहुतेक वेळा दुसरी एक बाई स्वयंपाक करते आणि मूल सांभाळते. ती मदतनीस रोजगार कायद्याच्या कक्षेत येत नाही. महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊन विकत घेता येणार नाही, हा नियम तिच्यासाठी २०२३मध्ये आला. डिपेंडंट पासबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आपल्या गप्पांत तिचा विषय निघाला, तर तो बहुधा ‘चांगली बाई मिळत नाही’ एवढ्यावरच संपतो. सरकारच्या हिशेबात आपण नाही, आणि आपल्या हिशेबात ती नाही.

परदेशी माणसांना नागरिकांएवढंच द्या, असं माझं म्हणणं नाही. मागणी साधी आहे. पास, लेव्ही, रजा यांचा कोणताही नियम बदलताना तो स्त्रियांवर आणि पुरुषांवर किती पडेल हे आधी मांडावं, आणि तीन वर्षांनी पुन्हा मोजावं. किती डिपेंडंट पासधारकांची नोकरी सुटली, त्यांत बायका किती, वर्क पासवर परत किती आल्या, हे आकडे उघड असावेत. मग नियम तोच ठेवायचा असेल तर सरकारने खुशाल ठेवावा. निदान त्याची किंमत कोण मोजतंय हे तरी सगळ्यांना दिसेल.