दलित कथाकाराचा कल्पनेवरील हक्क

मी कथा लिहितो. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर लिहितो. कथा छापून आली की वाचक आणि समीक्षकही विचारतात, ‘हे तुमच्या बाबतीत घडले काय?’ मध्यमवर्गीय कथाकाराला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याच्याकडून कलाकृतीची अपेक्षा असते, आमच्याकडून साक्षीची.

‘बलुतं’ (1978), ‘आठवणींचे पक्षी’ (1979), ‘उपरा’ (1980) या आत्मकथनांनी मराठी अभिरुचीला हादरा दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यानंतर दलित साहित्य म्हणजे दलिताचे आत्मकथन, असे समीकरण रूढ झाले आणि कथा मागे पडली. वास्तविक बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 सालचा. त्यातील शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून सवर्ण सहकाऱ्याच्या घरी राहतो. जात उघडी पडते आणि मार बसतो. यातले लेखकाच्या आयुष्यात किती घडले, याचा हिशेब करून या कथेचे मोल ठरत नाही. मार खाल्लेल्या माणसाला मारणाऱ्या हातांमागचा मनू दिसतो, ही तिची खरी कमाई. घटना साक्षीदारही सांगेल. व्यवस्थेचा चेहरा दाखवायला कल्पनाशक्ती लागते.

हा वाद माझ्यापुरता पुस्तकी नाही. आमच्या तालुक्यांत कातकरी राहतो. खैरापासून कात काढणारी ही जमात. जंगल सरकारी झाले, धंदा बुडाला. आता दिवाळीनंतर शेठचा बयाणा घेऊन अख्खी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. हातात पडते ती आठवड्याची खर्ची. बाकीचा हिशेब शेठच्या वहीत. तानसा (1892), मोडकसागर (1957) आणि पुढे भातसा या धरणांचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. दलित पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात आदिवासी, भूमिहीन, कामगार, स्त्रिया या सर्वांना घेतले. मग आमच्या कथेत हा कातकरी इतका विरळा का?

मी बौद्धवाड्यातला. भट्टीवर राबलेलो नाही. साक्षीचाच निकष लावला तर मी गप्प बसले पाहिजे. पण माझ्या गप्प बसण्याचा फायदा शेठलाच होणार. दुसरा धोकाही तितकाच खरा आहे. मासेमारी, दारू, नाच असा रंग भरून कातकऱ्याला शोभेची वस्तू करणारे लेखन आपण पुष्कळ वाचले आहे. म्हणून कल्पनेच्या हक्काबरोबर दोन अटी येतात. लेखकाला श्रमाचा हिशेब ठाऊक हवा : हजार विटांचा दर, बयाणा, खर्ची, आजारपणाचे खाडे. आणि कथेतल्या माणसाला स्वतःची बुद्धी व स्वतःचा निर्णय हवा. नुसती दया वाटायला लावणारे पात्र हाही त्याच्या माणूसपणाचा नकारच होय.

माझ्या एका कथेतली कातकरी बाई झोपडीच्या कुडावर कोळशाच्या रेघा ओढून आपला हिशेब ठेवते. अशी बाई मी पाहिलेली नाही. वहीला उत्तर हवे होते, ते मी कल्पनेने शोधले. कथा वाडीवर वाचली, तेव्हा हे खरेच घडले का, असे कुणी विचारले नाही. पुढे त्या बाईचा हिशेब शेठने मानला का, एवढेच त्यांना हवे होते. कथेचे काम याहून वेगळे काय असते?

उद्या कातकऱ्यांची मुले स्वतः लिहितील आणि माझी कथा खोडून काढतील. ते व्हायलाच हवे. मात्र त्यांनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे केले जाऊ नये. त्यांच्या कल्पनेसाठी जागा आजच मोकळी करणे, ही आपल्या समीक्षेची जबाबदारी आहे.