‘द लॉटरी’ : विस्मृत विधी आणि निष्प्रयोजन हिंसा

शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८ रोजी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे अर्थनिर्णयन बहुधा ‘बळीचा बकरा’ या संकल्पनेच्या आधारे होत आले आहे. जून महिना, पिकाचा उल्लेख, दगडांनी मारली जाणारी स्त्री : फ्रेझरप्रणीत मानववंशशास्त्राला हवे ते सारे येथे आयतेच सापडते. मात्र या वाचनामुळे कथेतील हिंसेला प्रयोजन प्राप्त होते, आणि संहितेने तर नेमके तेच पुसून टाकले आहे. मूळ पेटी हरवली आहे. लाकडी चकत्यांच्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. विधीतील पठण व अभिवादनाची रीत लोपली आहे. दगडांचा उपयोग तेवढा स्मरणात आहे. पीकपाण्याशी असलेला संबंध उरला आहे तो सत्त्याहत्तराव्यांदा सोडतीत उभ्या राहिलेल्या वॉर्नर या वृद्धाच्या तोंडच्या एका जुन्या म्हणीपुरता. (सोडत बंद करणे म्हणजे पुन्हा गुहेत राहावयास जाणे, असे याच वॉर्नरला वाटते!)

रने जिरार यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार समूह आपल्या अंतर्गत संघर्षाचे ओझे एका बळीवर लादतो व त्यातून सलोखा साधतो. जॅक्सन यांच्या गावात असा संघर्षच नाही. पुरुष पेरणी, पाऊस, ट्रॅक्टर आणि कर यांविषयी बोलतात. सकाळी दहाला सुरू झालेला कार्यक्रम दुपारच्या जेवणाआधी आटोपावा, एवढीच निकड. द्वेष कोठेच नाही. आरंभी टेसी हचिन्सनशी हसून बोलणारी डेलाक्रॉयबाई अखेरीस दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा दगड निवडते, आणि या दोन कृतींमध्ये तिचे मन बदलल्याची एकही खूण निवेदक देत नाही.

टेसीला बंडखोर ठरविणारे वाचनही टिकणारे नाही. उशिरा येऊन ती विनोद करते, नवऱ्याला चिठ्ठी काढावयास पिटाळते; सोडत आपल्या घरावर येताच मात्र लग्न झालेली लेक ईव्हा व जावई यांनाही त्यात ओढू पाहते, म्हणजे स्वतःवरील संकटाची शक्यता तेवढीच घटावी. तिचा आक्षेप आहे तो पद्धतीवर, हत्येवर नव्हे. बळी आणि मारेकरी यांच्यात नैतिक अंतर राहू न देणे हेच या कथेचे खरे धाडस होय. टेसीला निष्पाप मानणारी समीक्षा ते बोथट करते.

निवेदनाची भाषा स्थानिक वृत्तपत्रातील वार्तेसारखी कोरडी आहे. जॅक्सन यांनीच पुढे नमूद केल्याप्रमाणे, अशा सोडती कोठे होतात आणि त्या पाहावयास मिळतील काय, अशी विचारणा करणारी पत्रे कथेच्या प्रकाशनानंतर आली होती. ती सर्वस्वी चुकीच्या वाचनातून आली असे म्हणणे कठीण आहे. या कोरडेपणाची परिसीमा एका वाक्यात दिसते. टेसीचा लहानगा मुलगा डेव्ही याच्या हाती कोणीतरी काही खडे देतो. एरवी प्रत्येक गावकऱ्याला नावानिशी ओळखणारा निवेदक येथे मात्र त्या हाताचे नाव सांगत नाही.